पोटाशी बांधलेल्या पेशी आणि सुरतेची बारीक बुट्टी

सुरतेहून परत आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, घारी आणली का आणि साडी आणली का. घारी मी गाडीतच संपवली. साडी आणली आहे, पण ती कुणाला नेसता येणार नाही, कारण तिच्या बारीक बुट्ट्या मी माझ्या हातांनी उपटून टाकल्या आहेत. सध्या ती आमच्या प्रयोगशाळेत हातमोज्यांच्या खोक्यांवर घडी करून ठेवलेली आहे. ती तिथे कशी पोचली हे प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढतो. तापीवरचे पूल, किल्ला, हिऱ्यांचा बाजार यांच्याबद्दल वाचायला मिळेल अशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा. मी त्यातलं काही पाहिलं नाही. तीन दिवस मी एक बाटली सांभाळत होतो.

मी पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करतो. काम कापाकापीचं आहे. आपल्या पेशीत जनुकाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ती निघते तशी वापरता येत नाही, कारण तिच्यात कामाच्या तुकड्यांच्या मधे लांबच लांब रिकामे भाग असतात. रिकामं कापायचं आणि कामाचं कामाच्याला जोडायचं, याला स्प्लायसिंग म्हणतात. माझ्या वाट्याला आलेल्या आरएनएत कामाचे तीन तुकडे आहेत. पहिला मोठा, शेवटचा मोठा आणि मधला अगदी बारीक.

आठ वर्षं मी हा प्रकार नळीत करत आलो. पेशींची केंद्रकं फोडून अर्क काढायचा, त्यात पूर्ण तयार झालेला आरएनए टाकायचा, कोमट पाण्यात दीड तास ठेवायचा. नळीला लांब रिकामे भाग झेपत नाहीत, म्हणून ते आम्ही आधीच आखूड करून देतो, लहान मुलाला घास बारीक करून द्यावा तसे. एवढे लाड करूनही निम्मा आरएनए तसाच राहतो. जिवंत पेशी तेच काम काही आखूड न करता, चुटकीसरशी उरकते. पण नळीने आठ वर्षांत एक उत्तर मात्र कधी बदललं नाही. पहिला तुकडा थेट शेवटच्याला जोडायचा आणि मधला फेकून द्यायचा. मधला तुकडा दुबळा आहे, पेशीला तो नकोच असतो, असा निष्कर्ष मी काढला, त्यावर प्रबंध लिहिला आणि जिथे माइक मिळाला तिथे सांगितला.

मग शोधनिबंध छापायला पाठवला आणि कुठल्याशा परीक्षकाने एका ओळीचा प्रश्न विचारला, जिवंत पेशीतही असंच होतं का? आमच्या मॅडमनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. निबंध स्वीकारला गेला तर माझी नेमणूक पुढे चालणार होती, नाहीतर मार्चअखेर टेबल रिकामं करायचं होतं. जिवंत पेशीत आरएनएचे तुकडे रंगाने दाखवणारा सूक्ष्मदर्शक आमच्याकडचा बंद पडलेला. शोधता शोधता सुरतेजवळ इच्छापोरला एका खाजगी प्रयोगशाळेत तीन दिवसांची वेळ मिळाली. त्याच आठवड्यात. सुरतेत माझी मावसबहीण, आमची ताई, राहते, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता.

प्रश्न नेण्याचा होता. अर्क आणि आरएनए सुक्या बर्फाच्या खोक्यात जातात, त्यांचं काही नाही, मेलेलं सामान आहे. जिवंत पेशींना मात्र अंगाची ऊब लागते. त्यांची चपटी बाटली गुलाबी द्रावाने काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावून वर पट्टी गुंडाळायची आणि सरळ पोटाशी बांधायची. हसू नका, संशोधनातले भले भले लोक हेच करतात. त्यातून या पेशी माझ्याच दंडाच्या कातडीतून वाढवलेल्या, खुणा घालून तयार केलेली ही शेवटची बाटली. ती मेली तर दुसरी बनवायला दोन महिने लागणार होते आणि तेवढे महिने माझ्याकडे नव्हते.

सुरत स्टेशन, सकाळ

गुजरातेत दारूबंदी आहे, हे मला माहीत होतं. दारूची चपटी बाटली लोक पोटाशीच बांधून आणतात, हे मला सुरत स्टेशनवर कळलं.

हवालदाराने आधी माझ्या खोक्याकडे पाहिलं, कारण त्यातून पांढरी वाफ निघत होती. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. स्वेटर वर करायला लावला. ओढणीने बांधलेली बाटली, आत गुलाबी पाणी. त्याने गुजरातीत शांतपणे विचारलं, "बोटलमां शुं छे?"

मी संस्थेचं पत्र काढलं. पत्र इंग्रजीत होतं आणि त्याच्या तळाशी आमच्या संचालकांची जी सही होती ती पाहून कुणाचाही संशय वाढला असता. हवालदाराचं म्हणणं साधं होतं. झाकण उघड, वास घेतो, नसेल काही तर जा. झाकण उघडलं असतं तर फलाटाची हवा आत जाऊन दोन दिवसांत बुरशीने सगळं खाल्लं असतं. मी हिंदीत समजावलं, मराठीत समजावलं, हात जोडले. आजूबाजूला माणसं जमली. एकाने मोबाइल वर धरला. हवालदाराचा हात झाकणावर गेला आणि माझ्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

"साहब, इसमें मैं हूँ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे पाहिलं. बाटली उजेडाकडे धरून पुन्हा माझ्याकडे पाहिलं, चेहरा जुळतोय का बघत असावा तसा. मग बाटली दोन बोटांनी माझ्या हातात ठेवली आणि गर्दीला वाट करून द्यायला सांगितलं. वेड्या माणसाशी इतक्या सभ्यपणे वागलेला पोलीस मी दुसरा पाहिलेला नाही.

उधना, पहिला दिवस

ताईचं घर उधन्याला, एका गल्लीत जिथे मराठीच जास्त ऐकू येते. धुळे, शिरपूर, अमळनेरची माणसं, मधूनमधून जालना-परभणीकडची. घरात अहिराणी, दारात हिंदी आणि दुकानात गुजराती, असं ताई दिवसभर तीन भाषांत फिरत असते. दाजी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लूमवर आहेत. घरात तिसरं माणूस म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली जिजी म्हणते, मीही म्हणतो.

जिजी दारातच साड्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. सुरतेत हे काम घरोघर चालतं, त्याला धागा कटिंग म्हणतात. साडीवर बुट्ट्या विणताना मशीन एका बुट्टीवरून दुसरीवर जातं तेव्हा मधला धागा मागच्या बाजूला नुसता लोंबत राहतो. तो कापून काढायचा. जिजींनी कात्री थांबवून माझ्या पोटाकडे पाहिलं.

"भाऊ, पोटले काय बांधी आनं?"

मी सांगितलं. माझ्याच पेशी आहेत, जिवंत आहेत, ऊब लागते. जिजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तूच तुले पोटशी धरी फिरी ऱ्हायना," त्या म्हणाल्या आणि ताईला माझ्यासाठी शिऱ्यात तूप जास्त घालायला सांगितलं.

इच्छापोरला फोन लावला तर सूक्ष्मदर्शक चालवणारे हितेशभाई सुट्टीवर. आजारी नव्हते. पोंक खायला गेले होते. थंडीत इकडे ज्वारीचा कोवळा हुरडा येतो, तो शेव आणि लिंबूमिऱ्याबरोबर खायचा, त्यासाठी माणसं सहकुटुंब बाहेर पडतात. हितेशभाईंच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. पोंक थोडे दिवसच येतो, पेशी तर रोजच असतात, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात एखाद्याने हुरड्यासाठी यंत्र बंद ठेवलं असतं तर आम्ही चौकशी समिती नेमली असती. इथे ताईलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की ते कुठला पोंक घेतात.

म्हणजे तीन दिवसांतला एक गेला आणि बाटली घरातच राहिली. मला आंघोळीला जायचं होतं. बाटली कुठे ठेवू असं मी विचारेपर्यंत जिजींनी ती माझ्या हातून घेतली, लुगड्याच्या ओच्यात खोचली, वर शाल घेतली आणि पुन्हा कात्री चालवायला लागल्या. मी आंघोळ करून आलो तरी बाटली परत मिळाली नाही. तासातासाने त्या ती बाहेर काढून रंग बघत. द्राव गुलाबी असला की पेशी खुशाल आहेत, पिवळा पडू लागला की त्यांनी आतलं खाणं संपवलं, एवढं मी सांगून ठेवलं होतं. दुपारी त्यांनी मला हाक मारून दाखवलं. गुलाबी रंग थोडा नारिंगीकडे झुकला होता.

"भुक्या शेतस त्या," जिजी म्हणाल्या. निदान अगदी बरोबर होतं. गल्लीतल्या चार बाया येऊन बाटली पाहून गेल्या. एकीने हळदीकुंकू काढलं, ते ताईने कसंबसं परत आत ठेवायला लावलं.

मला रिकामं बसवत नाही, हा माझा जुना दोष. मी म्हटलं, जिजी, एक साडी मी करतो. आठ वर्षं कापण्या-जोडण्याचंच काम करतोय. त्यांनी कात्री दिली.

मी प्रयोगशाळेतला माणूस. मी आधी फरशी पुसली, मग साडी सगळीच्या सगळी उलटी करून अंथरली, ट्यूबलाइट लावली. समोर मोठ्या बुट्ट्यांची रांग स्पष्ट दिसत होती आणि प्रत्येक दोन मोठ्या बुट्ट्यांमधे लोंबता धागा. मोठ्या बुट्टीपाशी एक काप, पुढच्या मोठ्या बुट्टीपाशी दुसरा काप, मधला धागा धरून ओढायचा. काय सोपं काम. जिजींची एक साडी होईतो माझी झाली होती. मी ती अभिमानाने त्यांच्यासमोर धरली.

जिजींनी साडी सुलट केली आणि उजेडाकडे धरली. ताई स्वयंपाकघरातून आली आणि वाकून बघू लागली. दोन मोठ्या बुट्ट्यांच्या मधे एक बारीक, तांदळाएवढी बुट्टी होती. होती म्हणजे मूळची होती. ती तीन-चार टाक्यांवरच धरलेली असते, त्यामुळे दोन टोकांना कापून धागा ओढला की तीही निघून येते. माझ्या साडीत मोठ्या बुट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या आणि मधल्या सगळ्या जागा कोऱ्या.

"साडी कोनी पसारी?" जिजींनी एवढंच विचारलं. साडी अशी अंथरली कुणी?

मग त्यांनी दुसरी साडी घेतली आणि मला शेजारी बसवून दाखवलं. गठ्ठा डाव्या हाताला, घडी न मोडता. त्यातून साडी वीतभरच ओढून गुडघ्यावर घ्यायची. जे पुढे आलं तेवढंच दिसतं. मोठी बुट्टी आली, मग बारीक आली, तिथे कापायचं. मग पुन्हा वीतभर ओढायचं. "पुढली मोठी बुट्टी देखाऊ देवानी नई," त्या म्हणाल्या. "ती देखायनी का हात तिकडेच पळस." मोठी नजरेस पडली की हात तिच्याकडेच पळतो आणि मधली कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष त्यांच्या ओच्यातल्या बाटलीवर होतं. त्या रात्री मी बाटली घेऊन उताणा झोपलो आणि बिघडलेल्या साडीचा विषय कुणी काढला नाही.

इच्छापोर, दुसरा दिवस

सकाळी दाजींनी मला मोटारसायकलवरून नेलं. रस्ता हजिऱ्याचा, दोन्ही बाजूंनी ट्रेलर. नवव्या महिन्यातल्या बाईला दवाखान्यात न्यावं तशी दाजींनी गाडी चालवली. गतिरोधक आला की ते खाली उतरून गाडी ढकलत नेत. सायकली आम्हाला मागे टाकून गेल्या. मी जरा वेगाने चला म्हटलं तर म्हणाले, जिजींनी बजावलंय.

हितेशभाई पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, खिशात बडीशेपेची डबी. त्यांनी बाटली हातात घेतली, यंत्राखाली बघितली आणि मान हलवली. पेशी जिवंत होत्या. इतक्या प्रवासानंतर इतक्या चांगल्या पेशी त्यांनी पाहिल्या नव्हत्या. कोणत्या पेटीतून आणल्या असं विचारलं. मी लुगड्यातून म्हणालो. त्यांनी तो कंपनीचा नवा माल असावा अशा समजुतीने नाव वहीत टिपून घेतलं.

मला लगेच सुरू करायचं होतं. हितेशभाईंना आधी नाश्ता करायचा होता. पेशींना ताजा द्राव घालून, काचेच्या बश्यांत उतरवून उबेत ठेवल्या, त्यांना काचेला चिकटायला काही तास लागतातच. तेवढ्या वेळात हितेशभाईंनी मला वाफाळता लोचो खायला घातला, वर तेल, वर शेव, वर कांदा, आणि मग जेवण, आणि जेवणानंतर कालचा उरलेला पोंक. आमच्याकडे शास्त्रज्ञ दुपारी बिस्किट बुडवतो आणि त्यालाच जेवण म्हणतो. मधल्या वेळात मी शेजारच्या खोलीत नळ्याही लावल्या. अर्क, तोच आरएनए, कोमट पाणी, दीड तास. त्यांचं उत्तर नेहमीचंच आलं. मधला तुकडा गायब.

चार वाजता पेशी यंत्राखाली ठेवल्या. मधल्या तुकड्याला मी हिरवी खूण घातली होती, मोठ्यांना लाल. तयार आरएनएत हिरवं दिसलं नाही की माझं म्हणणं खरं, निबंध छापला जाणार, टेबल माझं राहणार. पडद्यावर आधी लाल ठिपके उमटले. मग हितेशभाईंनी कळ दाबली आणि प्रत्येक लाल ठिपक्याशेजारी हिरवा उमटला.

एकाच पेशीत नाही, सगळ्या पेशींत. मी बशी बदलली. हिरवा. दुसरी बदलली. हिरवा. लांब रिकामे भाग जागच्या जागी असताना, नक्कल निघता निघता कापत-जोडत, माझ्याच दंडाच्या पेशी तो बारीक तुकडा नीट सांभाळून पुढे पाठवत होत्या. हितेशभाईंना वाटलं मी खूश होईन, म्हणून त्यांनी बडीशेप पुढे केली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, वाटेत पेशी बिघडल्या तर नाहीत? बुडत्याला हेच हवं असतं. मी घरी पोचलो तो डोक्यात तेवढंच घेऊन. जिजींनी विचारलं पेशी कशा आहेत, आणि मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, दिवसभर लुगड्यात कोंबल्या, हळदीकुंकवाला मांडल्या, बिघडणारच होत्या. माझी आठ वर्षं त्यात गेली.

जिजींनी कात्री खाली ठेवली.

"मरन्यात का त्या?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग बिघडन्यात कशा? जित्त्या शेतस ना. तुना नळीमा जित्तं काय शे?"

नळीत जिवंत काय असतं, याचं उत्तर मला आठ वर्षांपासून पाठ होतं. काही नसतं. मी जेवलो नाही. जिजीही जेवल्या नाहीत. मला माझी लाज वाटली, पण ती कबूल करण्याइतका मी अजून खाली आलो नव्हतो.

उधना ते इच्छापोर, तिसरा दिवस

सकाळी जिजी माझ्याशी बोलत नव्हत्या. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी बसलो आणि त्या गठ्ठा घेऊन समोर. वीतभर साडी ओढली, कापलं. वीतभर ओढली, कापलं. मी बघत होतो कारण दुसरं काही करायला नव्हतं. साडी गठ्ठ्यातून सरकत येत होती. मोठी बुट्टी आली. मग बारीक आली, आणि ती आली तेव्हा पुढची मोठी अजून गठ्ठ्यातच होती.

माझा चहा सांडला, तो पायावर.

पेशीत आरएनए गठ्ठ्यातूनच निघतो. जनुकावरून यंत्र पुढे सरकतं आणि नक्कल थोडी थोडी बाहेर येते, आणि कापाकापी ती येत असतानाच सुरू होते. मधला बारीक तुकडा बाहेर येतो तेव्हा शेवटचा मोठा अजून तयारच झालेला नसतो. पहिल्याला जोडायला तोच एक समोर असतो, म्हणून तो जोडला जातो. मी नळीत काय करत होतो? सगळा आरएनए आधी पुरा बनवून, अंथरून, ट्यूबलाइट लावून समोर मांडत होतो. मोठी बुट्टी दिसली की हात तिकडेच पळणार.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेशीत कापाकापी नक्कल निघतानाच होते, हे मी मुलांना शिकवलेलं आहे, चित्र काढून. पण ते शिकवण्याचं चित्र होतं आणि नळी रोजची होती. स्वतःच्या तुकड्याला मी ते कधी लावून पाहिलं नाही.

आता हे नुसतं वाटून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं, आणि हातात एकच दिवस. मी बर्फाच्या खोक्यावर झडप घातली. त्यात एक नळी अशी होती की तिच्यातला आरएनए आखूड होता, पहिला मोठा आणि मधला बारीक एवढेच दोन तुकडे, शेवटचा नाहीच. तुलनेसाठी म्हणून मी ती नेहमी बनवतो आणि नेहमी न वापरता परत ठेवतो. म्हणजे गठ्ठ्यातून वीतभरच बाहेर आलेली साडी. मधला खरोखर दुबळा असेल तर इथेही जोडला जाणार नाही. जोडला गेला तर दुबळेपणा त्याचा नाही, मांडणीचा. खोक्याच्या तळाशी बर्फाचा लिंबाएवढा खडा उरला होता.

दाजी रात्रपाळी करून नुकतेच आले होते. काही न विचारता त्यांनी पुन्हा गाडी काढली. आज पोटाशी काही नव्हतं, पेशी इच्छापोरलाच उबेत होत्या, खोक्यात फक्त मेलेलं सामान होतं, त्यामुळे त्यांनी गतिरोधकांवरून मला असं उडवलं की इच्छापोर येईतो मी दोनदा सीटवरून वर गेलो. बर्फाचा खडा पोचेपर्यंत वाटाण्याएवढा राहिला.

एका नळीत पूर्ण आरएनए, दुसरीत आखूड. तोच अर्क, तेच पाणी, तेच दीड तास. हितेशभाईंनी त्या दिवशी नाश्ता मागे ठेवला, हा त्यांच्या दृष्टीने केवढा त्याग होता ते मला नंतर उमगलं. मग तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून त्यांच्या पट्ट्या उमटवायला संध्याकाळ झाली. पूर्ण आरएनएच्या रकान्यात मधला तुकडा नेहमीसारखा गेलेला. आखूड आरएनएच्या रकान्यात, पहिल्याला व्यवस्थित जोडलेला, मधला. ठळक पट्टी, चष्म्याशिवाय दिसावी अशी.

मॅडमना फोन केला. दोन्ही नळ्यांचं सांगितलं.

"म्हणजे तुकडा दुबळा नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही. आपण दर वेळी त्याच्यापुढे मोठा मांडून ठेवत होतो."

"आणि हे कशावरून सुचलं?"

मी साडी म्हणालो. त्यांनी मला नीट जेवून, झोपून मग निघायला सांगितलं.

निघण्याआधी उरलेल्या पेशींचं काय करायचं ते नियमाने ठरलेलं असतं. ब्लीच ओतायचं. हितेशभाईंनी पेशींची बाटली पुढे केली आणि मी ओतलं. गुलाबी रंग क्षणात गेला. हजारदा केलेलं काम, पण तेव्हा वाईट वाटलं, हे लिहायला मला संकोच नाही.

घरी जाऊन जिजींच्या समोर बसलो आणि सांगितलं की चूक माझी होती, पेशींची नव्हती आणि तुमची तर नव्हतीच. पेशी कुठे आहेत असं त्यांनी विचारलं. गेल्या, मी म्हणालो. त्यांनी थोडा वेळ शाल नीट केली. मग उठून आतून ती बिघडलेली साडी आणली. साड्या देणाऱ्या ठेकेदाराने ती परत केली होती. त्यांनी ती माझ्या पिशवीत कोंबली आणि जेवायला बसवलं. शेवभाजी, कळण्याची भाकरी, कांदा. त्याही माझ्याबरोबर बसल्या.

पुणे

परीक्षकाच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर लिहिलं, नाही, जिवंत पेशीत असं होत नाही. निबंधाचं शीर्षक बदललं, निष्कर्ष उलटा झाला, आणि तो आता पहिल्यापेक्षा बरा आहे असं मॅडम म्हणतात. माझं टेबल अजून सहा महिने माझं आहे. मॅडमनी साडी टेबलावर उलटी पसरून मोठ्या बुट्ट्यांमधल्या कोऱ्या जागांवरून बोट फिरवलं आणि मग भिंतीवरचं माझं जुन्या निष्कर्षाचं पोस्टर स्वतः काढून ठेवलं.

निबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात. तिथे मी जिजींचं पूर्ण नाव घातलं. मासिकाकडून पत्र आलं की आभारातल्या व्यक्तीची संमती हवी, शिवाय त्यांची संस्था, हुद्दा आणि ईमेल कळवा. मी ताईला फोन करून जिजींना द्यायला सांगितलं आणि सगळं समजावून विचारलं, तुमचं नाव छापलं तर चालेल ना. पलीकडे कात्रीचा आवाज येत होता, तो थांबला.

"लिख मनं नाव," जिजी म्हणाल्या. "पन बारीक बुट्टी तू उपटी, हाई बी लिख."

हुद्द्याच्या रकान्यात मी धागा कटिंग लिहिलं. आणि त्यांचं दुसरं म्हणणंही, त्याच परिच्छेदात, माझ्या नावानिशी लिहून पाठवलं आहे.